पडणाऱ्याचा चेहरा

रेसलिंगच्या रिंगशेजारी बसून पहिल्या रात्री मी 1,140 फोटो काढले. घरी आल्यावर कपडेही न बदलता संगणकासमोर बसले आणि एकेक बघत गेले. पाठी होत्या, कोपरं होती, रेफरीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट होता, बरोबर मधोमध आडवा आलेला दोर होता. उंच उडी घेतलेल्या एका रेसलरचे फक्त बूट आले होते. एका फोटोत सगळं जुळून आलं होतं: हवेतला देह, खाली पसरलेला प्रतिस्पर्धी, मागे खुर्च्या सोडून उभे राहिलेले प्रेक्षक. फोकस मात्र रिंगच्या पलीकडच्या खांबावर बसला होता. पहाटे चारच्या सुमाराला बाजूला काढलेले फोटो मोजले. 9 निघाले.

त्याआधी सहा वर्षं मी नाटकांचे आणि नृत्याचे फोटो काढत होते. अंधाऱ्या सभागृहाची सवय होती, उडी नेमकी कुठे टिपायची याची जाण होती. त्यामुळे हे काम आपल्याला जड जाणार नाही अशी माझी खात्री होती. एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रंगमंचाला एक समोर असतं. रिंगला चार बाजू असतात, आणि तुम्ही कुठेही बसलात तरी अर्धा वेळ तुमच्याकडे कुणाची तरी पाठच असते.

तिथे बसायला कसं मिळालं, हे मला बरेच जण विचारतात. उत्तर अगदी सरळ आहे. मी तिकीट काढून गेले. एका छोट्या प्रमोशनचे, म्हणजे रेसलिंगचे शो भरवणाऱ्या कंपनीचे, तीन शो पहिल्या रांगेत बसून पाहिले, हाताशी होता त्या कॅमेऱ्याने फोटो काढले, त्यातले चांगले 12 निवडून प्रमोटरला पाठवले आणि खाली लिहिलं, "हे तुम्हाला हवे तसे वापरा. बदल्यात मला पुढच्या शोला कठड्याच्या आत बसू द्या." दहा दिवसांनी होकार आला. "हवे तसे वापरा" या तीन शब्दांची किंमत मला नंतर कळली. ते पुढे सांगते.

आत बसायला मिळालं ते अटींवर. कपडे काळे किंवा गडद, म्हणजे कॅमेऱ्यात तुम्ही दिसणार नाही. दोरांना हात लावायचा नाही. एप्रनवर, म्हणजे रिंगच्या कडेच्या त्या पट्टीवर, कोपर टेकायचं नाही, कारण तिथे कोण कधी येऊन आदळेल सांगता येत नाही. कुणी पडून राहिला तर मदतीला धावायचं नाही. पडद्यामागे विचारल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. आणि हार्ड कॅमेऱ्याच्या समोरून जायचं नाही. हार्ड कॅमेरा म्हणजे एका बाजूला उंचावर पक्का बसवलेला मुख्य व्हिडिओ कॅमेरा. रेसलर जाणूनबुजून त्याच बाजूला तोंड करून खेळतात. टाळी घ्यायची असो, कळवळून ओरडायचं असो, चेहरा तिकडे वळतो. त्या पहिल्या रात्री मी त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला बसले होते. तिथे जागा मोकळी होती म्हणून. ती मोकळी का होती, हे मात्र कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या शोला माझ्याशेजारच्या कोपऱ्यात एक ज्येष्ठ छायाचित्रकार होते. फिल्मच्या काळापासून ते रेसलिंगचे फोटो काढत आलेले. एका रोलमध्ये 36 फोटो, रोल बदलायला लागणारा वेळ, आणि काय आलं ते कळायला दुसरा दिवस उजाडायचा. मी माझे ते 9 फोटो फोनवर दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले, फोन परत दिला आणि म्हणाले, "सगळे मारणाऱ्याचे काढलेस. पडणाऱ्याचा एकही नाही."

मी म्हटलं, "पण ॲक्शन तर तोच करतो ना?"

"तो निम्मीच करतो. उरलेली पडणारा करतो. आज पूर्ण शो मार खाणाऱ्याकडेच बघ. फोटो नाही आले तरी चालेल."

त्या रात्री मी तसंच केलं. आज मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यातून आलं आहे.

व्यावसायिक रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. ते दोघं एकमेकांविरुद्ध लढत नसतात, दोघं मिळून एक लढत उभी करतात. त्यात घाव घालणं सोपं असतं असं नाही, पण तो घाव प्रेक्षकांच्या अंगावर येतो तो खाणाऱ्यामुळे. तो कसा कोसळतो, श्वास कसा अडकतो, उठताना कोणता गुडघा वाकत नाही, यावर सगळं अवलंबून असतं. त्या जगात याला 'सेल करणं' म्हणतात. आणि अंगावर घेतलेल्या आपटीला 'बंप'. ऑलिंपिकमधल्या कुस्तीचे फोटो काढणाऱ्याला जिंकण्याचा क्षण शोधावा लागतो. इथे तो क्षण कितीही नीट टिपला तरी फोटो पोकळ राहू शकतो, कारण गोष्ट दुसऱ्याच माणसाच्या चेहऱ्यावर चाललेली असते.

हे पटल्यावर मी जुने गाजलेले फोटो नव्याने बघायला घेतले. 23 मार्च 1997 ची रेसलमेनिया 13, म्हणजे अमेरिकेतला दरवर्षीचा मोठा रेसलिंग शो, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. हार्टने शार्पशूटरची, म्हणजे पालथ्या माणसाचे पाय अडकवून मागे ओढायची, पकड घातली आहे, ऑस्टिन पालथा, हात मॅटवर रोवून वर उठू बघतोय, कपाळातून रक्ताचे ओघळ दातांपर्यंत आलेत आणि तोंड वासलेलं आहे. तो ती लढत हरला. शरणागती न पत्करता शुद्ध हरपून हरला. त्या रात्री खलनायक म्हणून आत आलेला माणूस लोकांच्या गळ्यातला ताईत होऊन बाहेर पडला, आणि ते सगळं त्या एका चेहऱ्यात आहे. हार्ट त्या चित्रात मागे आहे. पकड त्याची आहे, चित्र ऑस्टिनचं आहे.

त्याच्या दहा वर्षं आधीचा, 29 मार्च 1987 चा, अमेरिकेतल्या पाँटियाक सिल्व्हरडोम स्टेडियममधला हल्क होगन आणि आंद्रे द जायंटचा क्षण घ्या. जाहिरातीत आंद्रेचं वजन 520 पौंड सांगितलं जायचं. होगनने त्याला उचलून आपटलं आणि ते दृश्य होगनच्या ताकदीचं म्हणून जगभर गेलं. आंद्रेची पाठ तेव्हा दुखरी होती. अशा अवस्थेत स्वतःला उचलू देणं, त्या उंचीवरून पाठीवर पडणं, हे त्याने मान्य केलं म्हणून ते घडलं. मी आता ते चित्र बघते तेव्हा माझी नजर आधी आंद्रेकडे जाते.

आता प्रकाशाबद्दल, कारण नवख्या माणसाचं घोडं अडतं ते तिथेच.

छोट्या सभागृहांत रिंगवरचे दिवे बहुतेक थेट डोक्यावर असतात. वरून खाली प्रकाश पडला की उभ्या माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते. डोळे दिसतच नाहीत, दोन काळे खड्डे दिसतात. नाक आणि कपाळ मात्र पांढरंफटक. पहिला महिनाभर मी हे एक्स्पोजर वाढवून, म्हणजे फोटोच जास्त उजळ काढून, सोडवायला बघत होते. खड्डे तसेच राहायचे, कपाळ जळून जायचं. मग एका लढतीत एक जण पाठीवर पडला, चेहरा छताकडे, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मला त्याच्या डोळ्यांत दिव्याचा ठिपका दिसला. पापण्या, ओठांवरचा घाम, गालावर उमटलेला कॅनव्हासचा खरबरीत ठसा, सगळं लख्ख. विजेता त्याच्या शेजारीच उभा होता, त्याचे डोळे अंधारात. वरचा सगळा उजेड पडलेल्याच्या वाट्याला येतो. मॅट फिकट रंगाचं असेल तर तो उजेड परत वर उसळतो आणि खाली वाकलेल्या चेहऱ्यालाही थोडा मिळतो. गडद मॅटवर तेवढीही सोय नाही. म्हणून मी सभागृहात शिरल्यावर आधी दिवे बघते आणि मग मॅटचा रंग.

आकड्यांत सांगायचं तर माझी सुरुवात अशी असते: ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) 2.8, शटर (किती सेकंद उजेड आत घ्यायचा) 1/800 ते 1/1000, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 3200 ते 6400, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे, येतो, येऊ दे. हललेला फोटो वाचवता येत नाही, ग्रेनचा फोटो वाचतो. हिशेब सोपा आहे. सेकंदाला 5 मीटर वेगाने पडणारा देह 1/250 सेकंदात 2 सेंटीमीटर सरकतो. चेहऱ्यावर 2 सेंटीमीटर म्हणजे डोळाच पुसला गेला. 1/1000 ला तेच अंतर अर्ध्या सेंटीमीटरवर येतं. उडीच्या अगदी माथ्यावर मात्र देह क्षणभर जवळपास थांबलेला असतो, तिथे 1/500 सुद्धा पुरतं. नृत्याच्या फोटोंनी मला हे शिकवलं होतं आणि इथे ते जसंच्या तसं कामी आलं.

स्वस्त एलईडी दिव्यांचा एक वेगळाच त्रास असतो. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात, 60 हर्ट्झवर 120 वेळा. डोळ्याला ते कळत नाही, 1/1000 च्या शटरला कळतं. एकाच बर्स्टमधला, म्हणजे सलग झटपट काढलेल्यांतला, एक फोटो पिवळट, पुढचा हिरवट, तिसरा अर्धा काळा. मिररलेस कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरने तर फोटोवर आडवे पट्टे येतात. मी तेव्हापासून मेकॅनिकल शटर आणि फ्लिकर कमी करण्याची सोय दोन्ही सुरू ठेवते, आणि शो सुरू होण्याआधी रिकाम्या रिंगचे वीस-पंचवीस फोटो काढून बघते.

फ्लॅशची गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या मासिकांतले काळ्या पार्श्वभूमीवर झळाळणारे रेसलर बघून मीही तिसऱ्या शोला फ्लॅश लावून गेले. नको असं कुणी म्हटलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एक तरुण रेसलर वरच्या दोरावर चढला, तोल सावरत होता, खाली त्याचा जोडीदार झेलायच्या तयारीत. मी खालून क्लिक केलं. त्याने डोळे मिटले आणि जवळजवळ दोन सेकंद तसाच उभा राहिला. प्रेक्षकांना तो नाट्यमय थांबा वाटला असेल. रेफरी माझ्या बाजूच्या दोराशी वाकला आणि दात-ओठ न हलवता म्हणाला, "फ्लॅश बंद. त्याला खाली काही दिसत नाहीये." मी फ्लॅश काढून पिशवीत टाकला तेव्हा माझे हात थरथरत होते. त्या मुलाची मी शो संपल्यावर माफी मागितली. दोराची जाडी दीड-दोन इंच, खाली दुसरा माणूस, आणि मध्ये माझा उजेड. काही प्रमोशन फ्लॅशला परवानगी देतात, काही छताला मोठे स्ट्रोब बांधून देतात, तो वेगळा भाग. विचारल्याशिवाय मी पुन्हा कधीही फ्लॅश लावला नाही.

कॅमेरा हाताळणं काही महिन्यांत अंगवळणी पडतं. लढतीची भाषा यायला जास्त वेळ लागतो, आणि मला वाटतं खरा फरक तिथेच पडतो. हवेतल्या उडीला सेकंदभरही मिळत नाही. ती बघून बटण दाबलं तर उशीरच झालेला असतो. ती येणार हे आधी कळायला हवं. मी घरी बसून जुन्या लढती आवाज बंद करून बघायला लागले. फक्त पायांकडे बघायचं. मग फक्त रेफरीकडे. मग फक्त त्याच्याकडे, जो त्या क्षणी काहीच करत नाहीये.

हळूहळू दिसायला लागलं. अमेरिकी पद्धतीत बहुतेक पकडी प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बाजूला घातल्या जातात, लुचा लिब्रेमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या रेसलिंगमध्ये, उजव्या. हे एकदा कळलं की चेहरा कुठल्या कुशीतून बाहेर येणार ते कळतं आणि त्या बाजूला दोन पावलं आधीच सरकता येतं. खलनायकाने एखादा गुडघा सुरुवातीला धरला की शेवटी तोच गुडघा दगा देणार, तेव्हा पायाचे फोटो आधी काढून ठेवायचे. नायक सावरतो, टाळ्या वाढतात आणि नेमका तेव्हाच त्याला पुन्हा पाडलं जातं. त्या वेळी पहिल्या रांगेतल्या लोकांचे चेहरे रिंगमधल्याइतकेच मोलाचे असतात. पिन करताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे खांदे मॅटवर दाबून धरताना, रेफरी एक, दोन मोजतो; तीन झाले की लढत संपते. दोनला बहुतेक वेळा सुटका होते, आणि सुटका करणाऱ्यापेक्षा वरच्याच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघण्यासारखा असतो. पकडीत अडकलेल्याचा हात दोराला लागला तर पकड सोडावी लागते. म्हणून अडकलेला माणूस जमिनीवरून सरपटत दोराकडे जातो, सगळं सभागृह त्याच्यासोबत सरपटतं, आणि मी खालच्या दोराच्या पातळीवर, जवळजवळ जमिनीला टेकून, त्या हाताची वाट बघत असते.

बसण्याची जागाही अशीच सापडली. एप्रनच्या उंचीला डोळा आणला की खालच्या आणि मधल्या दोरामधली फट ही आपली खिडकी होते. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस मात्र त्या खिडकीचे गजच धरून बसतो. नवे कॅमेरे डोळा ओळखून फोकस करतात, पण तो डोळा रेफरीचा असू शकतो किंवा मागच्या रांगेतल्या एखाद्या लहान मुलाचा. मी एकच फोकस बिंदू ठेवते आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला दिलं आहे. चेहरा धरायचा, अंगठा सोडायचा, मध्ये दोर आला तरी फोकस हलत नाही. दोन कॅमेरे असले तर एकावर 24-70 मिलिमीटरची, जवळचं टिपणारी लेन्स आणि दुसऱ्यावर 70-200 ची, लांबचं टिपणारी. एकच असेल तर 24-70. रिंग साधारण 16 ते 20 फूट लांब-रुंद असते, तुम्ही अगदी कडेला असता, त्याहून लांब लेन्सचा अर्धा वेळ उपयोगच होत नाही.

लांब लेन्सचा दुसरा धोका मी अंगावर घेऊन शिकले. आठवा-नववा शो असेल. एक जण दोन दोरांमधून सूर मारून बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यावर झेपावणार होता. मी 70-200 डोळ्याला लावून गुडघ्यावर बसले होते. व्ह्यूफाइंडरमध्ये तो अजून दूर दिसत होता आणि मग एकदम फक्त छाती दिसली. दोघेही माझ्या डाव्या खांद्यावरून कठड्यावर गेले. लेन्सचं माउंट वाकलं, हूडचे तुकडे झाले, खांदा तीन आठवडे वर जात नव्हता. चूक माझी होती, मी त्यांच्या वाटेत होते. मला त्यातलं आठवतं ते वेगळंच. तो सूर मारणारा रेसलर त्या लढतीत खलनायक होता. उठता उठता त्याने प्रेक्षकांकडे बघून अर्वाच्य आरडाओरडा केला, माझ्यावरून पाय टाकून पलीकडे गेला, आणि जाताना वाकून, ओठ न हलवता विचारलं, "लागलं का?" मी मान हलवली. त्याने तशीच पुढची शिवीगाळ सुरू केली.

तेव्हापासून दुसरा डोळा उघडा ठेवते. बसण्याआधी मागे सरकायची वाट बघून ठेवते. कुणी दोरांच्या पलीकडे बाहेर नजर टाकली की मी उठलेली असते, फोटो मिळो न मिळो.

रिंगच्या आत मऊ गादी असते हा समज रिंगजवळ एक तास बसलं की जातो. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेला कॅनव्हास. देह पडतो तेव्हा फळ्यांचा आवाज पोटात ऐकू येतो. पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट ठेवायची, हात पसरून आपटायचे, म्हणजे मार मोठ्या भागावर वाटला जातो. हे सगळं करूनही दुखतं. निकाल ठरलेला असला तरी आपटणं ठरवून खोटं करता येत नाही.

एकदा एका साध्या पकडीतून सुटताना एकाचं कोपर निसटलं. मी त्याच्या चेहऱ्यावर फोकस धरून होते आणि मला वाटलं, काय सुंदर सेल करतोय. सलग सात फोटो काढले. मग रेफरीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीची खूण केली. ती खरी दुखापत झाल्याची खूण असते. मी कॅमेरा खाली केला. ते सात फोटो तांत्रिकदृष्ट्या माझे त्या वर्षातले सर्वांत चांगले होते. मी ते त्याला दाखवले, तो बरा झाल्यावर, आणि त्याच्यासमोर पुसले. त्याने तसं सांगितलं नव्हतं. ज्या चेहऱ्यासाठी मी रिंगशी बसते तो चेहरा तो मला देत असतो, आणि ते सात त्याने दिलेले नव्हते.

मुखवट्यांच्या बाबतीतही मी हेच धरून चालते. मेक्सिकोचा गाजलेला रेसलर एल सांतो याने आयुष्यभर चंदेरी मुखवटा जपला. जानेवारी 1984 मध्ये दूरचित्रवाणीवर त्याने तो किंचित वर करून चेहऱ्याचा काही भाग दाखवला, 5 फेब्रुवारीला तो गेला, आणि त्याला मुखवट्यासह पुरलं. असा मुखवटा घालणारा माणूस पडद्यामागे तो काढून पाणी पिताना माझ्यासमोर असतो तेव्हा कॅमेऱ्यावर झाकण असतं. नायक आणि खलनायक एकाच गाडीतून घरी निघाले असतील तर तोही फोटो मी काढत नाही. आतल्या गोष्टी आत ठेवण्याच्या या रीतीला 'केफेब' म्हणतात. हल्ली प्रेक्षकांना सगळं माहीत असतं, तरी तो भ्रम जपायचा की नाही हे त्या कलाकारांनी ठरवायचं असतं.

पैशांबद्दल थोडक्यात. पहिलं वर्ष काही मिळालं नाही. "हवे तसे वापरा" असं मीच लिहून दिलं होतं, आणि त्याच आधारावर दुसऱ्याच एका आयोजकाने माझा फोटो कुठून तरी उचलून, नाव कापून, पोस्टरवर छापला. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. त्यानंतर कुठलाही शो करण्याआधी चार ओळी लेखी घेते: फोटोंचे हक्क माझे, प्रमोशनला प्रसिद्धीसाठी वापराची मुभा, नाव द्यायचं, विक्रीसाठी वेगळं बोलायचं. रेसलरना स्वतःच्या प्रसिद्धीसाठी फोटो मोफत देते. ते मध्यंतरात टेबल लावून 8 बाय 10 इंचांचे फोटो सही करून विकतात, आणि त्या प्रिंट मी करून देऊ लागले तेव्हा माझ्या हातात पहिली कमाई आली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत 20 फोटो हातात देणारा छायाचित्रकार त्यांना हवा असतो. दोन आठवड्यांनी 400 देणाऱ्याचा त्यांना उपयोग नसतो. मी आता एका शोमागे 30 च्या वर फोटो देत नाही.

एक रेसलर होता, चाळिशीकडे झुकलेला. दर महिन्याला हरायचा. नव्या पोरांना मोठं करायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते तो फार मनापासून करायचा. त्याच्या हातून मार खाताना नाही, त्याला मारताना कुठलाही नवखा मुलगा राक्षसासारखा दिसायचा. माझ्या संग्रहात त्याचे फोटो सर्वांत जास्त आहेत, कारण तो सर्वांत जास्त पडला. अखेर एका शोला त्याला जिंकवलं. सभागृह पायांवर उभं होतं. मी त्याचा वर गेलेला हात, मिटलेले डोळे, रेफरीने धरलेलं मनगट, सगळं टिपलं आणि रात्रीच त्याला 20 फोटो पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "खूप छान आलेत. पण टेबलावर ठेवायला मला एक जुना हवाय. मागच्या वर्षीचा. मी पकडीत अडकलोय आणि दोराकडे हात गेलाय, तो."

तो फोटो मला लगेच आठवला. तो कुशीवर वळलेला, चेहरा वर, सगळा उजेड डोळ्यांत, तोंड अर्धवट उघडं, आणि ताणलेली बोटं दोरापासून तीन इंचांवर थांबलेली. ती लढत तो तिथेच हरला होता.

मी 50 प्रिंट करून पुढच्या शोला नेल्या. मध्यंतरात तो टेबलामागे बसला, समोर एक दहा-बारा वर्षांची मुलगी आईचा हात धरून उभी होती. त्याने चंदेरी मार्कर उघडला, तिचं नाव विचारलं, आणि प्रिंट स्वतःकडे फिरवून सही कुठे करायची ते क्षणभर बघितलं. मग वरच्या काळ्या कोपऱ्यात छोटीशी सही केली. बोटं आणि दोर यांच्यामधली जागा त्याने मोकळी ठेवली.